तीन मैलांची रेघ
पॅलेस्टाईनचा किनारा आणि पोलिसांच्या सशस्त्र बोटी (१९३३ ते १९४८)

पॅलेस्टाईनचा इतिहास आपल्याकडे बहुधा जमिनीचा इतिहास म्हणून वाचला जातो. जमीन कोणी विकली, कोणी घेतली, गावे कशी उठली, फाळणीची रेघ कुठून गेली, यावर आपण तावातावाने बोलतो. समुद्र मात्र नकाशाच्या डाव्या कडेला निळ्या रंगात पडून राहतो. वास्तविक या प्रश्नाचा निम्मा भाग त्या निळ्या रंगात घडलेला आहे. माणसे समुद्रातून आली, शस्त्रे समुद्रातून आली, आणि १९४८ मध्ये हैफा व याफातले हजारो अरब समुद्राच्याच वाटेने परागंदा झाले. या समुद्रावर पहारा ठेवणाऱ्या ब्रिटिश पोलिसांच्या बोटींची हकिकत म्हणूनच सांगण्यासारखी आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. मुलांसमोर १९१७ चा बाल्फोर जाहीरनामा एका ओळीत येतो आणि १९४८ मधील इस्राएलची स्थापना दुसऱ्या ओळीत. या दोन ओळींच्या मधली एकतीस वर्षे मुले कल्पनेने भरून काढतात. कोणी म्हणते, इंग्रजांनी सगळे ज्यूंना देऊन टाकले. कोणी म्हणते, इंग्रजांनी ज्यूंना अडवले होते, जहाजे परत पाठवली होती. गंमत अशी की दोन्ही मुले खरे बोलत असतात. दोन्ही गोष्टी एकाच सरकारने एकाच वेळी कशा केल्या, हे समजून घ्यायचे तर किनाऱ्यावर जाऊन उभे राहावे लागते.

आपला त्या किनाऱ्याशी संबंध

हा किनारा आपल्याला अगदीच परका नाही. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर तुर्कांकडून जिंकले ते जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडदळांनी. त्याच ब्रिगेडमध्ये हैदराबाद संस्थानाचे लान्सर्सही होते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, हे ध्यानात घेतले म्हणजे हा धागा आपल्या घरापर्यंत येतो. पुढे खिलाफत चळवळीचे मध्यवर्ती ठाणे मुंबईतच राहिले. मौलाना मुहम्मद अली जौहर ४ जानेवारी १९३१ रोजी लंडनमध्ये वारले आणि त्यांची कबर जेरुसलेमच्या हरम शरीफच्या आवारात झाली. त्याच वर्षी डिसेंबरात जेरुसलेमला भरलेल्या इस्लामी परिषदेसाठी मौलाना शौकत अली गेले, अल्लामा इक्बालही गेले. हिंदी शिपायाने जिंकायला मदत केलेली आणि हिंदी पुढाऱ्याची कबर असलेली ही भूमी आहे. म्हणून तिच्याविषयी बोलताना नुसत्या भावनेवर भागू नये. तपशील माहीत असावा.

नवे बंदर, नवे पोलीस

राष्ट्रसंघाच्या मँडेटखाली ब्रिटनने पॅलेस्टाईनचा कारभार घेतला आणि १९२० मध्ये तेथे मुलकी पोलीस दल उभे केले. त्यात अरब होते, ज्यू होते, आणि वरच्या जागांवर ब्रिटिश होते. १९२२ मध्ये जोडीला एक ब्रिटिश जेंडारमेरी आणली गेली. तिच्यात आयर्लंडच्या बंडात बदनाम झालेल्या 'ब्लॅक अँड टॅन' पोलिसांचा मोठा भरणा होता. १९२९ च्या दंगलीनंतर दलाची फेररचना सुचवायला सिलोनचे पोलीसप्रमुख हर्बर्ट डाउबिगिन यांना बोलावण्यात आले. साम्राज्याची रीतच अशी होती. एका वसाहतीत शिकलेला धडा दुसऱ्या वसाहतीत वापरायचा. हिंदुस्थानचा अनुभव पॅलेस्टाईनला, पॅलेस्टाईनचा आणखी कुठे.

१९३३ च्या ऑक्टोबरअखेर हैफाचे खोल पाण्याचे नवे बंदर सुरू झाले. १९३५ मध्ये इराकच्या किर्कुकहून तेलाची नळवाहिनी तेथवर आली. हैफा हे ब्रिटिश आरमाराला तेल पुरवणारे ठिकाण बनले. बंदर आले म्हणजे गोदी आली, हमाल आले, जकात आली, आणि पाण्यावरचे पोलीसही आले. याफाचे बंदर मात्र जुन्या पद्धतीचेच राहिले. मोठी जहाजे बाहेर नांगर टाकत आणि अरब नाखवे आपल्या होड्यांतून माल आणि उतारू किनाऱ्यावर आणत. रत्नागिरी-रायगडच्या बंदरांवर पडाव आणि मचवे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको.

याच बंदरांतून माणसांचा लोंढा वाढत होता. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. १९३५ या एका वर्षात सुमारे ६२ हजार ज्यू परवान्यानिशी पॅलेस्टाईनमध्ये दाखल झाले. ज्यांना परवाना मिळाला नाही ते चोरवाटेने येऊ लागले. १९३४ च्या उन्हाळ्यात 'वेलोस' नावाच्या ग्रीक जहाजाने सुमारे साडेतीनशे जणांना रात्रीच्या अंधारात उतरवले. संघटित रीतीने आणलेले हे पहिले जहाज मानले जाते.

सिमेंटच्या पिंपांतली शस्त्रे

ऑक्टोबर १९३५ मध्ये याफाच्या धक्क्यावर बेल्जियमहून आलेली सिमेंटची पिंपे उतरवली जात होती. एक पिंप फुटले आणि सिमेंटबरोबर काडतुसे बाहेर पडली. तपासात शेकडो पिंपांत बंदुका, मशीनगन आणि काडतुसे दडवलेली सापडली. माल ज्यू भूमिगत संघटनेसाठी होता, हे अरबांना सांगावे लागले नाही. पण कोणा मोठ्या माणसाला शिक्षा झाली नाही. अरबांनी हरताळ पाळला.

त्या पिंपांचा परिणाम बंदरापुरता राहिला नाही. हैफाच्या गोदीत आणि रेल्वेत राबणाऱ्या, जमिनीवरून उठून शहरात आलेल्या गरीब अरबांमध्ये शेख इझ्झुद्दीन अल-कस्साम वर्षानुवर्षे काम करत होते. ते इस्तिकलाल मशिदीचे इमाम. रात्रीच्या वर्गात त्यांनी हमालांना अक्षरे शिकवली. १९३५ च्या नोव्हेंबरात ते मूठभर साथीदारांसह डोंगरात गेले आणि पोलिसांशी झालेल्या चकमकीत शहीद झाले. त्यांच्या जनाजाला हैफात अफाट गर्दी लोटली.

अरबांचा सवाल साधा होता. बंदरावर पोलीस आहेत, जकात आहे, कायदा आहे; मग हे सगळे आमच्याच घराची झडती घेण्यापुरते आहे काय? या सवालाला सरकारकडे उत्तर नव्हते. कारण एका हाताने 'ज्यूंचे राष्ट्रीय घर' उभारण्याचे वचन आणि दुसऱ्या हाताने अरबांच्या हक्कांचे रक्षण, ही दोन्ही कलमे मँडेटच्या एकाच कागदावर लिहिलेली होती.

बंडाची तीन वर्षे

एप्रिल १९३६ मध्ये अरबांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. तो सहा महिने चालला. याफाचे बंदर बंद पडले. संपाचे हे सर्वांत धारदार हत्यार होते, पण ते उलटले. ज्यूंनी लगेच तेल अवीवच्या वाळूत लाकडी धक्का उभारला आणि सरकारने त्याला परवानगी दिली. याफाच्या नाखव्यांची पिढीजात रोजी एका उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकली.

जूनमध्ये सैन्याने याफाच्या जुन्या शहरातली दोनशेहून अधिक घरे सुरुंग लावून पाडली. सरकारने कारण दिले शहरसुधारणेचे. खरे कारण असे की त्या अरुंद गल्ल्यांत सैन्याला शिरता येत नव्हते आणि बंदर त्यांच्या पायथ्याशी होते. मोहिमेचे नाव होते 'अँकर', म्हणजे जहाजाचा नांगर. पॅलेस्टाईनचे सरन्यायाधीश मायकेल मॅकडॉनेल यांनी या खोट्या कारणावर न्यायालयात कडक ताशेरे ओढले. थोड्याच दिवसांत त्यांना पद सोडावे लागले. ते ब्रिटिश होते, तरी सत्य बोलले. आपल्या इतिहासलेखनात अशा माणसांना जागा असली पाहिजे.

१९३७ मध्ये पील आयोगाने फाळणी सुचवली आणि बंड पुन्हा भडकले. अरब पुढाऱ्यांची उच्च समिती बेकायदा ठरली. काहींना हैफाहून युद्धनौकेवर चढवून हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर नेऊन सोडले. वृद्ध शेख फरहान अस्सादी यांना नोव्हेंबर १९३७ मध्ये अक्का येथे फाशी झाली. महिना रमजानचा होता आणि ते रोजेदार होते.

याच सुमारास कलकत्त्याचे माजी पोलीस कमिशनर चार्ल्स टेगार्ट पॅलेस्टाईनला सल्लागार म्हणून आले. बंगालच्या क्रांतिकारकांवर चालवलेली हत्यारे त्यांनी बरोबर आणली. त्यांच्या सल्ल्यावरून देशभर काँक्रीटची पन्नासहून अधिक पोलीस ठाणी उभी राहिली. उत्तर सरहद्दीवर काटेरी तारेचे लांबलचक कुंपण घातले गेले. सप्टेंबर १९३८ मध्ये पोलीस दल लष्कराच्या हुकमतीखाली गेले. अरब शिपायांवर भरवसा उरला नाही म्हणून अनेकांची शस्त्रे काढून घेतली. उलट हजारो ज्यू तरुणांना पुरवणी पोलीस म्हणून बंदुका देण्यात आल्या. १९३८ च्या जुलैत हैफाच्या बाजारात ज्यू अतिरेक्यांनी बॉम्ब ठेवून कित्येक अरबांचा बळी घेतला, तेव्हा ब्रिटिश युद्धनौकांवरचे नौसैनिक शहरात उतरवले गेले. पोलीस कुठे संपतात, फौज कुठे सुरू होते आणि आरमार कुठे, हे सांगणे सामान्य माणसाला अवघड झाले.

तीन वर्षांत सुमारे पाच हजार अरब मारले गेले असा अंदाज आहे. शंभरहून अधिक फासावर गेले. १९३९ मध्ये बंड मोडले तेव्हा अरब समाजाकडे ना नेते उरले होते, ना बंदुका.

बोटीवर चढलेली बंदूक

आणि नेमक्या त्याच वेळी सरकारने समुद्राकडे तोंड वळवले. युरोपात युद्ध दिसू लागले होते. तेल अरबांचे, सुएझचा रस्ता अरबांचा, हिंदुस्थानातले मुसलमानही नाराज. म्हणून अरबांना थोडे शांत करणे भाग होते. मे १९३९ मध्ये श्वेतपत्रिका निघाली. पाच वर्षांत ७५ हजार ज्यू, त्यापुढे अरबांच्या संमतीशिवाय एकही नाही, असे तिने ठरवले. कागदावर ठरवणे सोपे होते. दोनशे किलोमीटरहून लांब किनाऱ्यावर ते अमलात कोण आणणार?

काम पोलिसांच्या सागरी शाखेकडे आले. त्यांच्याकडे होत्या लहान मोटारलाँच. बंदरात चोरटा माल पकडायला त्या पुरेशा होत्या. पण हजार-बाराशे माणसे भरलेले जहाज लाँचने हटकून थांबत नाही. कप्तानाला ठाऊक असे की लाँचवर चार-सहा शिपाई आहेत. म्हणून लाँचवर मशीनगन आली. मशीनगन आली तरी प्रश्न सुटला नाही. कारण ज्या डेकवर बायका-मुले खांद्याला खांदा लावून उभी आहेत त्यावर गोळी झाडायची कशी? आणि झाडायची नसेल तर ती बंदूक कप्तानाला भिववणार कशी?

दुसरी अडचण कायद्याची होती. त्या काळी किनाऱ्यापासून तीन सागरी मैल, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर, एवढ्याच पाण्यावर देशाची हुकमत मानली जाई. पोलिसांचा अंमल त्या रेघेपाशी संपत असे. जहाजे हुशारीने रेघेबाहेर थांबत. अंधार पडला की माणसे होड्यांत उतरवून वल्हवत किनाऱ्याला आणत. रेघेबाहेर थांबवायचे तर आरमार हवे. आणि खुल्या समुद्रात परक्या निशाणाच्या जहाजावर आरमाराने हात टाकायचा तर शांततेच्या काळात त्याला कायद्याचा आधार तोकडा पडे.

यातून कामाची वाटणी ठरली. विमान वरून टेहळणी करी आणि बिनतारी संदेश देई. विनाशिका जहाजाचा माग धरी. जहाज रेघेच्या आत आले की पोलिसांची लाँच पुढे होई, कारण अटक करण्याचा, जहाज जप्त करण्याचा आणि कप्तानाला कोर्टात उभे करण्याचा अधिकार मुलकी कायद्याने पोलिसांचा होता. पकडलेल्यांची रवानगी हैफाच्या दक्षिणेला अतलितच्या छावणीत होई. अशा रीतीने पोलिसांची बोट ही आरमाराचा लांब केलेला हात बनली. हात पोलिसाचा, जोर आरमाराचा, आणि शिक्का कायद्याचा.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. त्याच रात्री सुमारास 'टायगर हिल' नावाचे जुनाट जहाज चौदाशे ज्यू घेऊन पॅलेस्टाईनच्या पाण्यात शिरले. 'लॉर्ना' या ब्रिटिश गस्तनौकेवरून त्यावर गोळीबार झाला. दोन निर्वासित ठार झाले. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या पहिल्या काही गोळ्या हिटलरपासून पळणाऱ्या माणसांना लागल्या, ही गोष्ट इतिहासात नोंदली गेली. जहाज थांबले नाही. कप्तानाने ते सरळ तेल अवीवच्या वाळूत नेऊन रुतवले.

जहाजावरची माणसे

येथे आम्हाला थोडे थांबून बोलायचे आहे. आपल्या मजलिसींत हा विषय निघाला की कोणीतरी म्हणते, बोटींनी ती जहाजे बुडवायला हवी होती. असे बोलणारा माणूस वाईट नसतो. त्याला पॅलेस्टाईनचे दुःख सलत असते. तरी ते बोलणे आपल्याला शोभत नाही. त्या जहाजांवर सरकारे नव्हती, घर सुटलेली माणसे होती. ज्या उम्मतीच्या तारखा हिजरतीपासून मोजल्या जातात तिला मुहाजिराचे दुःख समजावून सांगावे लागू नये.

त्या माणसांचे पुढे काय झाले ते पाहा. नोव्हेंबर १९४० मध्ये हैफाच्या बंदरात 'पात्रिया' जहाजावर सुमारे अठराशे निर्वासितांना चढवले होते. त्यांना मॉरिशसला पाठवायचे होते. जहाज निघू नये म्हणून हगाना या ज्यू संघटनेनेच त्यावर स्फोटके ठेवली. अंदाज चुकला, जहाज काही मिनिटांत कलंडले आणि अडीचशेहून अधिक माणसे दगावली. पाठोपाठ 'अटलांटिक' जहाजाच्या सुमारे पंधराशे उतारूंना खरोखरच मॉरिशसला नेण्यात आले. जिथे ऊसमळ्यांवर राबायला गेलेल्या मराठी माणसांची वस्ती आहे त्या बेटावर, बो बासांच्या तुरुंगात, हे युरोपीय ज्यू १९४५ पर्यंत राहिले. शंभरहून अधिक तेथेच दफन झाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये 'स्त्रुमा' जहाज काळ्या समुद्रात बुडाले. त्याला पॅलेस्टाईनचे परवाने मिळाले नव्हते, तुर्कांनी उतरू दिले नव्हते, आणि अखेर सोव्हिएत पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो डागला. सुमारे पावणेआठशे माणसांतून एकच वाचला.

युरोपने ज्यूंना मारले, अमेरिकेने आणि ब्रिटनने आपली दारे जेमतेम किलकिली ठेवली, आणि हिशेब चुकता करायला पुढे केले ते पॅलेस्टाईनच्या शेतकऱ्याला. अन्याय येथे आहे. गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये ज्यूंविषयी पूर्ण सहानुभूती दाखवूनही पॅलेस्टाईन अरबांचे आहे असे स्वच्छ लिहिले होते. दोन्ही गोष्टी एकाच लेखात मावल्या. आपल्याही मनात त्या मावायला हरकत नसावी.

सिद्ना अलीची टेकडी

युद्ध संपले आणि संघर्ष उघडा झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये पालमाख या ज्यू दलाने अतलितची छावणी फोडून दोनशेहून अधिक कैदी पळवले. महिनाअखेरीस एका रात्रीत देशभर रेल्वेमार्ग उखडले गेले. त्याच रात्री हैफा आणि याफाच्या बंदरांत पोलिसांच्या तीन गस्ती बोटी स्फोटाने बुडवल्या गेल्या. ज्या लाँचवर मशीनगन चढवली होती ती धक्क्याला बांधलेली असताना पाण्याखालून येणाऱ्या पोहणाऱ्याला अडवू शकली नाही.

२५ नोव्हेंबरच्या सुमारास गिवत ओल्गा आणि सिद्ना अली येथील किनारा पोलिसांची ठाणी उडवली गेली. सिद्ना अली हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. याफाच्या उत्तरेला समुद्रावर झुकलेल्या कड्यावर एका वलीचा दर्गा आहे. ते हजरत उमर यांच्या वंशातले मानले जातात. सुलतान बैबर्सने १२६५ मध्ये शेजारचे अर्सूफ क्रुसेडरांकडून जिंकण्यापूर्वी येथे दुआ मागितली, अशी परंपरा आहे. दर्ग्याभोवतीच्या गावाला अल-हरम म्हणत. दरसाल तेथे यात्रा भरे, तिला 'मौसम' म्हणत. वस्ती पाचशेच्या आसपास. त्याच कड्यावरून समुद्र दूरवर दिसतो, म्हणून पोलिसांनी ठाणे तेथे बांधले. गावाने ठाणे मागितले नव्हते. ठाण्यावर हल्ला झाला तेव्हा गाव मधे सापडले.

आता आरमार पुढे आले आणि पोलिसांची बोट मागे पडली. भूमध्य समुद्रात विनाशिकांची कायमची गस्त सुरू झाली. कार्मेल डोंगरावर रडार बसले. फेब्रुवारी १९४६ मध्ये तेही उडवण्यात आले. निर्वासितांच्या जहाजांची डेक उंच असत, म्हणून विनाशिकांवर लाकडी फलाट बांधले गेले. त्यांवरून लाठ्या आणि अश्रुधूर घेतलेले नौसैनिक उड्या टाकत. समोरून डबे, बाटल्या, लोखंडी तुकडे येत. ऑगस्ट १९४६ पासून पकडलेल्यांना सायप्रसच्या छावण्यांत नेऊ लागले. तेथे एकूण पन्नास हजारांवर माणसे राहून गेली. युद्धोत्तर काळात साठहून अधिक जहाजे आणि सुमारे सत्तर हजार माणसे निघाली. बहुतेक जहाजे पकडली गेली. हिशेबाने पाहिले तर गस्त यशस्वी झाली. राजकारणाने पाहिले तर प्रत्येक पकडलेले जहाज ब्रिटनचा एकेक पराभव होता.

जुलै १९४७ मध्ये 'एक्सोडस' आले. साडेचार हजार माणसे. विनाशिकांनी त्याला तीन मैलांच्या रेघेच्या पुष्कळ बाहेर, खुल्या समुद्रात धडका दिल्या. तिघे मारले गेले. हैफाच्या धक्क्यावर संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी समितीचे सदस्य हे पाहत होते. जगभर छायाचित्रे छापली गेली. कायद्याची जी रेघ राखण्यासाठी बोटी सज्ज केल्या होत्या ती रेघ सरकारनेच ओलांडली होती.

त्या समितीत हिंदुस्थानचे प्रतिनिधी होते सर अब्दुर रहमान, लाहोर हायकोर्टाचे न्यायाधीश. त्यांनी इराण आणि युगोस्लाव्हियाच्या प्रतिनिधींबरोबर फाळणीऐवजी अरब आणि ज्यू यांचे एक संघराज्य सुचवले. अल्पमताची ती सूचना बाजूला पडली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी मंजूर झाली. भारताचे मत विरोधात होते.

उलटी वाहतूक

३ फेब्रुवारी १९४८ रोजी अल-हरमचे लोक गाव सोडून गेले. दर्गा आजही कड्यावर उभा आहे, गाव नाही.

२१ आणि २२ एप्रिलला हैफा पडले. बाजारावर तोफगोळे पडू लागले तसे लोक बंदराकडे धावले, कारण तेवढीच वाट मोकळी होती. ब्रिटिशांच्या नौका आता पुन्हा कामाला लागल्या. उपसागरापलीकडे अक्का येथे आणि पुढे लेबनॉनकडे त्या अरबांना पोहोचवत होत्या. साठ-सत्तर हजार अरबांतून शहरात तीन-चार हजार उरले. मेच्या मध्यापर्यंत याफाही गेले. सत्तर हजारांच्या त्या शहरातले कित्येक लोक होड्यांत बसून गाझा आणि बैरूतकडे निघाले. वाटेत काही होड्या बुडाल्या. १९३६ मध्ये ज्या बंदराने सहा महिने संप केला होता तेथून माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी गेली.

१४ मे १९४८ रोजी शेवटचे ब्रिटिश उच्चायुक्त अ‍ॅलन कनिंगहॅम हैफाहून 'युरियालस' या युद्धनौकेवर चढून गेले. सत्ता कोणाच्या हाती सोपवायची यासाठी ते थांबले नाहीत.

हिशेब

बंदूक बोटीवर चढवल्याने नेमके काय झाले? ज्यू निर्वासित थांबले नाहीत. ते फक्त अधिक कडवे झाले. अरबांचे संरक्षण झाले नाही. कारण ज्या वर्षी समुद्रात पहारा बसला त्याच वर्षी जमिनीवर त्यांची कंबर मोडून ठेवली होती. पोलिसांचे पोलीसपण गेले. चोर पकडणारा, बुडत्याला काढणारा शिपाई युद्धनौकेचा हुजऱ्या झाला. आणि ब्रिटनची इज्जतही राहिली नाही. धोरणात जो निर्णय करायची हिंमत नव्हती तो निर्णय मशीनगनवर सोपवला होता. मशीनगन निर्णय करत नाही. ती फक्त निर्णय पुढे ढकलते, आणि मधल्या काळात माणसे मरतात.

हा धडा जुना झालेला नाही. त्याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला गाझा आहे. ओस्लो करारात तिथल्या मच्छीमारांना वीस सागरी मैल दिले होते. २००९ मध्ये इस्राएलच्या आरमाराने ते तीनवर आणले. पुढे ही हद्द वेळोवेळी मागेपुढे होत राहिली. ३१ मे २०१० रोजी मदत घेऊन निघालेल्या 'मावी मारमारा' जहाजावर खुल्या समुद्रात सैनिक उतरले आणि नऊ जण जागीच मारले गेले. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या युद्धात गाझाचे बंदर आणि तिथली मच्छीमारी पार उद्ध्वस्त झाली. 'एक्सोडस'ची कहाणी जे अभिमानाने सांगतात त्यांच्याच सरकारच्या बोटी तेथे पहारा देत आल्या आहेत.

तीन मैलांची रेघ पाण्यावर ओढली होती आणि पाण्यावर कोणतीच रेघ टिकत नाही. टिकतात त्या रेघेपाशी अडवलेल्या, बुडालेल्या आणि हाकललेल्या माणसांच्या आठवणी. त्या ज्यूंच्या आहेत तशा अरबांच्याही आहेत. आपल्या मुलांना पॅलेस्टाईन शिकवताना दोन्ही आठवणी शिकवाव्या लागतील. एकीचा उच्चार केल्याने दुसरीचा हक्क कमी होत नाही. उलट याफाच्या नाखव्याचा आणि अल-हरमच्या शेतकऱ्याचा दावा त्याने अधिक खरा, अधिक मोकळा होतो.